दाराच्या आत कोण बघतंय?

आपल्यापैकी बहुतेकांसाठी गाडीची काच म्हणजे एक बटण आहे. त्याआधी हँडल होतं. घरातल्या जुन्या मारुतीत किंवा मामाच्या अँबेसेडरमध्ये ते फिरवलेलं काहींना आठवत असेल. हँडल फिरतं, काच सरकते, एवढंच आपल्याला दिसतं. मधलं सगळं दाराच्या दोन पत्र्यांमध्ये, चार-सहा बोटांच्या अंधाऱ्या जागेत घडतं. गाडी वापरणारी माणसं बहुधा ती जागा आयुष्यात एकदाही पाहत नाहीत.

या लेखातला प्रश्न त्या जागेबद्दलचा आहे. जी दुरुस्ती कुणालाही दिसणार नाही, ती कशी करावी? आणि ती नीट करण्याचं देणं आपण नक्की कुणाचं लागतो?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून आधी यंत्र समजून घेऊ. मॅन्युअलमध्ये त्याला विंडो रेग्युलेटर म्हणतात, गॅरेजमध्ये काचेची मशीन. १९४०-५०च्या दशकांतल्या अनेक अमेरिकन गाड्यांमध्ये तिची रचना साधारण अशी असते. हँडलच्या दांड्यावर एक छोटा दातेरी गिअर असतो, पिनियन. तो विळ्यासारखी वक्र कड असलेल्या एका मोठ्या दातेरी पत्र्याला फिरवतो. त्या पत्र्याला एक लांब पट्टी जोडलेली असते, पट्टीच्या टोकाला छोटं चाक, आणि ते चाक काचेच्या तळाशी बसवलेल्या खाचेत सरकतं. हँडल फिरलं की पट्टी उचलली जाते, पट्टी काचेला उचलते. सोबत घड्याळातल्यासारखी गुंडाळलेली एक जाड स्प्रिंग असते. काच खाली जाताना ती आवळली जाते आणि वर येताना तीच ताकद हाताला परत देते.

मला यातला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे ब्रेक. काच एवढी जड असून अर्ध्यावर सोडली तरी ती खाली का घसरत नाही? कारण हँडलच्या दांड्याभोवती एका छोट्या डबीत घट्ट बसवलेली आणखी एक स्प्रिंग असते. हँडलकडून जोर आला की ती आकसते, डबीची भिंत सोडते आणि दांडा मोकळा फिरतो. काचेच्या वजनाकडून जोर आला की तीच स्प्रिंग फुगते आणि भिंतीला घट्ट धरून ठेवते. म्हणजे माणसाच्या हाताचं ऐकायचं, गुरुत्वाकर्षणाचं ऐकायचं नाही, एवढा निर्णय हा तारेचा तुकडा कुठल्याही सेन्सरशिवाय घेतो. मी दिवसभर ज्या कोडमध्ये असतो, त्यात एवढ्या कमी सामानात एवढं नेमकं काम करणारं काही मला क्वचितच दिसलं आहे.

हे यंत्र बिघडतं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. तुटलेला भाग आणि बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा एका जागी नसतात. काच ज्या फेल्टच्या पट्ट्यांमधून सरकते, त्या वर्षानुवर्षांच्या धुळीनं कडक होतात. जुनं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट होतं. काच जड जाते, माणूस हँडल जोरात फिरवतो आणि तो सगळा जोर दात्यांवर येतो. ज्या टप्प्यात काच सर्वांत जास्त वर-खाली होते, तिथले चार-पाच दाते झिजतात. मग हँडल फिरतं, खडखड आवाज येतो आणि काच जागची हलत नाही. दुसरं कारण पाणी. काचेच्या कडेनं पावसाचं पाणी दारात शिरतंच. ते शिरणार हे धरूनच दाराच्या तळाशी भोकं ठेवलेली असतात. ती चिखलानं बुजली की दाराचं तळं होतं आणि पत्रा, मशीन, रिव्हेटी सगळंच गंजायला लागतं. फेल्ट न बदलता, भोकं न मोकळी करता नुसती नवी मशीन बसवली, तर तीही काही वर्षांत त्याच वाटेनं जाते.

गेल्या वर्षी काही शनिवार मी पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये घालवले. तिथं १९५१ची चार दारांची शेवरोले दुरुस्तीला आली होती. इंजिन आणि रंगाचं काम झालं होतं, आतलं सामान बाकी होतं. साठीतले मिस्त्री, ज्यांना सगळे 'मामा' म्हणतात, एकेक दार उघडत होते.

पुढच्या उजव्या दारात त्यांना जुनी दुरुस्ती सापडली. कुणीतरी काही दशकांपूर्वी झिजलेल्या दात्यांवर पितळ चढवून, कानसेनं घासून नवे दाते घडवले होते. शेजारच्या मूळ दात्यांशी माप जुळत होतं, आणि पितळाच्या पिवळ्या रंगामुळे कुठला दाता मूळ आणि कुठला भरलेला हेही एका नजरेत कळत होतं. मामांनी तो पत्रा रॉकेलमध्ये धुतला, उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "ह्याला काम येत होतं." तो भाग त्यांनी तसाच परत बसवला.

मागच्या उजव्या दारात दुसऱ्याच कुणाची करामत होती. बाहेरून काच व्यवस्थित बंद, हँडलही जागेवर. आत मशीनची पट्टी कापून टाकलेली आणि काच वर राहावी म्हणून चौकटीतून दोन लांब स्क्रू आरपार घातलेले. हँडल कशालाच जोडलेलं नव्हतं. गाडी विकताना 'सगळं चालू आहे' असं सांगता यावं म्हणून केलेलं काम ते. गंजलेले स्क्रू काढताना चौकट फाटली आणि मामांचा अख्खा दिवस ती सरळ करण्यात गेला. त्या अनोळखी माणसाला त्यांनी काय काय म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही.

दोन्ही कामं अदृश्य होती. दोघांनाही खात्री होती की मालक कधी दार उघडून बघणार नाही. तरी एकानं दाते घासले आणि दुसऱ्यानं पट्टी कापली. मालकाला दोन्ही दारं सारखीच दिसली. फरक कळला तो फक्त मामांना, कितीतरी वर्षांनी. मला वाटतं, आपल्या प्रश्नाचं उत्तर याच दोन दारांत आहे. पण तिथं जाण्याआधी दोन सोपी उत्तरं तपासून बाजूला ठेवायला हवीत.

पहिलं सोपं उत्तर: आपण 'मूळ' वस्तूचं देणं लागतो. गाडी कारखान्यातून निघाली तशी ठेवणं हेच कर्तव्य. ऐकायला छान, पण मूळ म्हणजे काय? या शेवरोलेचंच बघा. जनरल मोटर्स १९२८पासून १९५४पर्यंत मुंबईत शिवडीला गाड्या जोडत असे. सुटे भाग जहाजानं यायचे आणि गाडी शिवडीत उभी राहायची. म्हणजे अमेरिकेतला पत्रा आणि मुंबईतल्या कामगारांचे हात. यातलं मूळ कोणतं? नंतर कुणीतरी भरलेले ते पितळी दाते आता गाडीच्या इतिहासाचा भाग आहेत की मुळावरचा डाग?

इथं अनेकांना थीसियसचं जहाज आठवेल. आपल्याकडे त्याहून जवळचं उदाहरण आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं? जू? प्रत्येक वेळी राजाला 'नाही' म्हणावं लागतं. हे सगळे भाग विशिष्ट रीतीनं एकत्र आले की त्याला आपण रथ हे नाव देतो, एवढंच. नागसेनाला यातून माणसाच्या 'मी'बद्दल बोलायचं होतं, पण गॅरेजमध्येही त्याचा मुद्दा चालतो. शेवरोलेपण कुठल्याही एका दात्यात सापडणार नाही. तेव्हा 'मूळ' नावाच्या कुठल्याशा पवित्र गाभ्याचं देणं आपण लागतो असं म्हणणं अवघड आहे.

दुसरं सोपं उत्तर: नियमाचं देणं लागतो. केंद्र सरकारनं २०२१ साली व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली खासगी गाडी व्हिंटेज ठरते आणि तिला 'व्हीए' ही अक्षरं असलेला नंबर मिळतो. नवी नोंदणी २० हजार रुपये, दहा वर्षांसाठी. पण काचेच्या मशीनचा या व्याख्येत उल्लेख नाही आणि असावा अशी अपेक्षाही नाही. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' हिचा २०१२चा ट्यूरिन चार्टर मात्र खोलात जातो. स्मारकांच्या जतनासाठीच्या १९६४च्या व्हेनिस चार्टरवरून प्रेरणा घेऊन तो सांगतो, की नंतर केलेले बदल परत फिरवता येतील असे असावेत, काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपावेत आणि नव्यानं बनवलेल्या भागांवर ओळखीची कायमची खूण असावी.

हे नियम शहाणे आहेत. पण ते पाळायचे का, याचं कारण नियमात नसतं. पट्टी कापणाऱ्याला कुठलाही चार्टर माहीत नव्हता. दाते घासणाऱ्यालाही नव्हता.

माझं उत्तर असं आहे: अदृश्य दुरुस्तीत आपण देणं लागतो ते पुढे दार उघडणाऱ्याचं. आपल्या नंतर येणाऱ्या, आपल्याला कधीही न भेटणाऱ्या त्या मिस्त्रीचं. ट्यूरिन चार्टरमधली प्रत्येक सूचना त्याच्याच बाजूनं लिहिल्यासारखी आहे. बदल परत फिरवता यावा, कारण त्याला कदाचित आपल्यापेक्षा चांगला उपाय माहीत असेल. जुना भाग जपावा, कारण त्याला माप घ्यायला तो लागेल. खूण करावी, म्हणजे त्याची फसवणूक होणार नाही.

ही कसोटी लावली की जुगाडाबद्दलही नीट बोलता येतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्स्या २०२३च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेल्या. त्यांच्यात बसलेल्यांना आठवेल, कधी काचेला लाकडाची पाचर लावलेली असायची, तर कधी चारही दारांना मिळून एकच हँडल असायचं आणि ते ड्रायव्हरकडे मागून घ्यावं लागायचं. 'भैया, जरा हँडल देना.' शुद्धतावाद्याला हे बघवणार नाही. पण पाचर लपून बसत नाही. ती सांगते की मशीन गेली आहे, पैसे आले की बघू. ती उपटली की दार जसंच्या तसं. रोजच्या धंद्यावर घर चालवणाऱ्या माणसानं दुसरं काय करावं? पाचर आणि दोन लांब स्क्रू, दोन्ही काच वरच धरून ठेवतात. पण पाचरीनं कुणाला फसवलं नाही आणि पुढच्याची वाटही अडवली नाही. जुगाड आणि लबाडी यांच्यातली रेघ मी इथं ओढेन. खर्च किती केला यावर ती ठरत नाही.

आता अवघड भाग. पुढच्या माणसाची एवढी काळजी करताना आज गाडीत बसलेल्या माणसाचं काय?

शेवरोलेच्या मालकांची आई ऐंशीच्या पुढच्या आहेत. लग्नानंतर त्या याच गाडीतून सासरी आल्या होत्या आणि आताही त्या मागे डावीकडे बसतात. बोटांचे सांधे आखडलेले, त्यामुळे हँडल फिरवणं जमत नाही आणि काच बंद असली की गुदमरल्यासारखं होतं. मालकांना त्या दाराला इलेक्ट्रिक काच हवी होती. मामा तयार नव्हते.

"साहेब, एकदा दार कापलं की कापलं," ते म्हणाले.

"मामा, गाडी आईसाठी आहे. आई गाडीसाठी नाही."

मला दोघांचंही पटत होतं, आणि वाद खरा होता. त्यात तांत्रिक गुंताही होता. शेवरोले १२ व्होल्टवर गेली १९५५च्या मॉडेलपासून. १९५१ची गाडी ६ व्होल्टची. बाजारात सहज मिळणारी काचेची मोटर १२ व्होल्टची. म्हणजे एक काच बटणावर आणायची तर बॅटरी, डायनॅमो, दिवे, हॉर्न, एकेक करून सगळ्याला हात लावावा लागणार. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल: एक लायब्ररी अपग्रेड करायला जावं आणि तिच्यामागे आणखी वीस याव्यात. शिवाय मोटर बसवण्यासाठी आतला पत्रा कापायचा, हे वेगळंच.

मामांनी आधी आजार शोधायचं ठरवलं. फेल्टच्या पट्ट्या नव्या घातल्या. मशीन बाहेर काढताना आवळलेली जाड स्प्रिंग आधी क्लॅम्पनं धरली, कारण काचेचं वजन नसताना ती सुटली तर दातेरी पत्रा बोटं तोडू शकतो. सुकलेलं ग्रीस खरवडून काढलं, टोकाचं झिजलेलं चाक लेथवर नवं करून घेतलं, सैल रिव्हेटी काढून नव्या ठोकल्या. हँडल एवढं हलकं झालं की मालक स्वतःच चकित झाले. आजींना मात्र शेवटचे दोन-तीन फेरे तरीही जड जात होते.

मग मामांनी जुन्या हँडलच्याच मापाचं, पण लांब दांड्याचं आणि मोठ्या लाकडी मुठीचं एक हँडल करून घेतलं. दांडा लांब झाला की त्याच कामाला कमी जोर लागतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. मूठ मोठी असल्यानं बोटं न आवळता तळव्यानं ढकलता येतं. जुनं हँडल फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवलं. दाराच्या आत, मशीनच्या पत्र्यावर मामांनी नंबरांच्या पंचनं महिना आणि वर्ष ठोकलं.

ही गोष्ट इतकी नीट जुळली म्हणून प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. समजा लांब हँडलही आजींना फिरवता आलं नसतं. तर? तर माझ्या मते मोटर बसवायला हवी होती. न जन्मलेल्या मिस्त्रीच्या सोयीसाठी समोरच्या म्हाताऱ्या माणसाला गुदमरत ठेवणं ही नीतिमत्ता नाही, ती वस्तूची पूजा झाली. पण तेव्हाही मोटर कशी बसवायची याला पर्याय असतात. जुन्या मशीनच्या हँडलच्या दांड्यालाच जोडता येतील अशी किटं असतात. त्यांच्यासाठी मशीन फेकावी लागत नाही. वेगळी बॅटरी ठेवून मूळ वायरिंगला हात न लावता काम भागवता येतं. महाग पडेल, वेळ लागेल. तरी आजच्या माणसाची गरज भागवताना उद्याच्या माणसाची वाट कमीत कमी अडवायची, एवढं मनात धरलं तर बहुतेक वेळा काहीतरी सापडतं. आणि अगदीच नाही सापडलं, कापावंच लागलं, तर कापलेला तुकडा जपून ठेवावा.

यावर एक रास्त आक्षेप आहे. हा सगळा श्रीमंतांचा छंद आहे. १९५१ची गाडी ठेवू शकणाऱ्या माणसाच्या काचेच्या मशीनमध्ये नैतिकता शोधायची कशाला? देशात दुरुस्तीची गरज असलेल्या गोष्टी काय कमी आहेत?

खरं आहे. पण हा छंद ज्या हातांवर चालतो ते हात श्रीमंत नाहीत. जुन्या गाडीच्या कागदपत्रांत मालकांची नावं ओळीनं सापडतात. दाते घासणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. त्याची ओळख उरते ती फक्त त्याच्या कामात, आणि ती वाचता येते फक्त दुसऱ्या मिस्त्रीला. 'ह्याला काम येत होतं' ही मामांची तीन-चार शब्दांची पावती त्या माणसाला मिळालेली कदाचित एकमेव पावती असेल, तीही त्याच्या पश्चात. अदृश्य काम नीट करणं म्हणजे अशा माणसाला आपल्या बरोबरीचा मानणं. त्याचा वेळ आपल्या वेळेइतकाच मोलाचा आहे, तोही विचार करतो, त्यालाही उजेडात पत्रा फिरवून बघावासा वाटेल, हे मान्य करणं. पट्टी कापणाऱ्यानं गाडीचं नुकसान केलं ते केलंच, पण त्यानं मामांचा एक दिवस चोरला. तो कुणाच्याही बिलात आला नाही.

आणि ही गोष्ट गाड्यांपुरती नाही. आपल्यातले बरेच जण असंच दाराच्या आतलं काम करतात. भिंतीत गाडलेलं वायरिंग, हिशेबाच्या शीटमधली फॉर्म्युल्यांची जाळी, रुग्णाच्या केसपेपरवरच्या नोंदी, मी लिहितो तो कोड. वापरणाऱ्याला बटण दिसतं. आत काय आहे ते कळेल फक्त आपल्या जागी पुढे येणाऱ्याला, आणि तोवर आपण बहुधा ती नोकरी सोडून गेलेलो असू. डेडलाइनच्या आदल्या रात्री दोन लांब स्क्रू घालायचा मोह कुणाला होत नाही? कधीकधी पर्यायही नसतो. तेव्हा निदान पाचर लावावी: दिसेल अशी, निघेल अशी, शेजारी एक ओळ लिहून.

मामांचा मुलगा गॅरेजमध्ये येत नाही, तो लॉजिस्टिक्स कंपनीत आहे. ही शेवरोले पुढच्या वेळी उघडेल तेव्हा ती कुणाच्या हातात असेल, त्याला पितळ चढवता येत असेल की नाही, मामांना माहीत नाही. मी त्यांना विचारलं, मग तारीख ठोकून काय उपयोग? ते दार लावत होते. म्हणाले, "जो येईल त्याला कळेल, आधी कुणी तरी हात लावलाय. बाकीचं तो बघेल."